अंड्यांवरची कानडी अक्षरं

बायकोला माहीत नाही. गावाकडं आईला माहीत नाही. ज्यांना सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं, त्यांना तर नाहीच नाही. तुम्ही पहिले. आणि पहिल्याच ओळीत हात अडखळून राहिलाय. सुरुवात कुठून करू? माझ्यापासून केली तर तुम्हाला वाटंल, हा आपली बाजू मांडून राहिला. म्हणून अंड्यापासून करतो.

जितं अंडं आतून बघितलंय का कधी? फोडून नव्हे — खिडकी पाडून. आधी सुईनं आतलं थोडं पांढरं ओढून घ्यायचं, म्हणजे आतला भाग जरा खाली बसतो. मग वरचं कवच नखाएवढं कापून काढायचं आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावायची. चौथ्या दिवशी त्या खिडकीतून बघा. पिवळ्यावर मोहरीएवढा लाल ठिपका उडत असतो. ते काळीज. पिल्लाला अजून चोच नाही, पाय नाहीत, पंखांचा पत्ता नाही, पण काळीज चालू! आणि त्याच्या भोवती रक्ताच्या रेघा. आज चार, उद्या चाळीस. वाळलेल्या ओढ्याला पाणी सुटावं तशा. कोण सांगतं त्यांना कुठं वळायचं ते? इतकी वर्षं बघून राहिलो, पण खिडकी उघडली की अजून माझा श्वास जरा थांबतोच.

मी नांदेडच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेतला शिपाई. कॉलेजात शिपायाला मामा म्हणतात, म्हणून मी मामा. माझं गाव निलंगा तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला खेटून. नांदेडला यायचं तर निलंगा, मग लातूर, मग नांदेड — दोनदा गाडी बदलायची, दिवस जातो. शहरातल्या माणसाला हे काही लांब वाटणार नाही. मला वाटतं. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. आईचं माहेर हद्दीपलीकडचं, तिथं माझ्या सख्ख्या मामाच्या ओळखीनं एका हॅचरीत लागलो. अंडी यंत्रात उबवायची, फिरवायची, अंधाऱ्या खोलीत दिव्यापुढं धरून जितं कोणतं, वांझ कोणतं ते निवडायचं. सगळा कारभार कानडीत. हे वाक्य मी गाळलं असतं तर गोष्ट पुढं सोपी गेली असती. पण गाळायचंच असतं तर लिहायला कशाला बसलो असतो?

ज्या मॅडमची ही गोष्ट आहे त्यांचं नाव लिहीत नाही. आमच्या प्रयोगशाळेत पीएचडीचं काम करायला आल्या होत्या. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. उदगीरच्या, लिंगायत घरच्या, घरात अंडं शिजत नाही. आणि इथं दिवसभर अंड्यांतच हात. एकदा हसत म्हणल्या, "मामा, आईला मी सांगितलंय की मी पेशी बघते. कशातल्या पेशी, ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

त्यांच्या पहिल्या खेपेची निम्मी अंडी वांझ निघाली. मी पाणी भरायला गेलो होतो. राहवलं नाही, म्हणलो, मी निवडून देऊ का? मोबाईलच्या उजेडापुढं धरून एकेक सांगत गेलो. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि माझ्याकडं बघितलं — शिपायाकडं बघतात तसं नव्हे. "हे मला शिकवा," म्हणल्या. मला! आठवी सोडलेल्याला! तुम्हाला कुणी कधी असं म्हणलंय का? नसंल, तर मी पुढं काय केलं ते तुम्हाला जरा कळणार नाही. असंल, तरी ते बरोबर ठरत नाही.

त्या दिवसापासून अंडी आणायचं काम माझं. हॅचरीतून यष्टीनं आणायची, खोका मांडीवर, धक्का लागू नये म्हणून सीट चाकापासून लांबची. कंडक्टर ओळखीचा झाला होता. "काय मामा, पोरंबाळं लई झाली, हाफ तिकीट फाडू का?" मी म्हणायचो, "जन्मल्यावर फाडा साहेब." सगळी गाडी हसायची. मी आल्यावर मॅडमला सांगायचो, त्या पण हसायच्या. लई चांगले दिवस होते ते.

त्यांचं काम काय होतं ते मला त्यांनीच समजावलं, खुर्चीवर बसवून. लेन्सपुढच्या खुर्चीवर. म्हणल्या, "मामा, तुमच्या गावात दवंडी देत होते ना? ती ऐकून माणसं कशी निघतात?" म्हणलं, आवाज जिकडून येतो तिकडं. "तसंच," म्हणल्या. जखम झाली, कुठं रक्त कमी पडलं, की तिथल्या पेशी एक प्रथिन सोडतात. त्याला केमोकाइन म्हणतात. ती दवंडी. जवळच्या रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशींना ती कळते, आणि जिकडं ती जास्त दाट तिकडं त्या सरकायला लागतात. एक पुढं होते, बाकीच्या मागं. पोकळ फांदी तयार होते, तिच्यातून रक्त धावतं. नवी वाट! आणि गंमत म्हणजे, केमोकाइन लई प्रकारचे, पण सगळे एकाच घराण्यातले. त्यातले काही म्हणतात "या", तर काही म्हणतात "थांबा, निघू नका". सख्ख्या भावकीत असतं तसं. दोन्ही लागतात. नुसते "या" म्हणणारे असले तर शरीरात शिरांचं रान माजंल.

"आणि कॅन्सरची गाठ," त्या म्हणल्या, "ती खोटी दवंडी पिटते. तिथं जखम नसते. पण रक्तवाहिन्यांना काय माहीत? त्या जातात आणि गाठीला पोसतात."

खोटी दवंडी. हा शब्द तेव्हा मी नुसता ऐकला.

त्यांना खऱ्या दवंडीत रस होता. वडील साखरेनं गेले होते — पायाची जखम, तिथवर रक्तच पोचंना. त्यांनी ते एकदाच सांगितलं, आणि लगेच लेन्स पुसायला घेतली.

आता ती फोनची गोष्ट. एक दिवस मी अंड्यांच्या उबेच्या पेटीमागं पाण्याचं भांडं भरत होतो. मॅडमला दिसलो नसंन. त्या आईशी फोनवर बोलत होत्या, कानडीत. मी मुद्दाम ऐकलं नाही. पण आपल्या आईची भाषा कानावर पडली की ती ऐकावी लागत नाही, आपोआप आत जाते. त्या सांगत होत्या — उदगीरच्या कॉलेजात जागा निघणार आहे. तोवर प्रबंध गेला पाहिजे. गेला तर मी तुझ्याजवळ. नाहीतर कुठं लांब जावं लागंल, तू एकटी काय करशील? तिकडून आई काहीतरी बोलली असंल, कारण मॅडम मग हळू हसल्या आणि म्हणल्या, इथं एक मामा आहेत, "अवर कै भाळ छलो अद."

त्यांचा हात फार चांगला आहे.

माझ्याबद्दल. मागं कुणी माझ्याबद्दल चांगलं बोललेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, ते पण माझ्या आईच्या भाषेत. मी भांडं हातात धरून तसाच खाली बसून राहिलो. पाणी सांडलं, पायजमा भिजला.

फोन ठेवल्यावर त्यांनी मला बघितलं. लाजल्या. डोळे पुसत विचारलं, "मामा, तुम्हाला कानडी येतं का?"

त्यांची खाजगी गोष्ट मी ऐकली असं त्यांना वाटू नये म्हणून — खरंच, तेवढ्याचसाठी — मी म्हणलो, "न्हाई मॅडम. आपल्याला कुठलं कानडी."

एवढीशी गोष्ट. माणुसकीची पण म्हणता आली असती, तिथंच थांबली असती तर.

आठवड्यानं मोजणीची वेळ आली. प्रयोग असा होता: आठव्या दिवशी खिडकीतून आतल्या पडद्यावर कागदाची एक टिकली ठेवायची, कपाळाला लावतो तेवढी. काही टिकल्यांवर केमोकाइनचा थेंब, काहींवर नुसतं मिठाचं पाणी. तीन दिवसांनी लेन्सखाली बघायचं की टिकलीच्या दिशेनं किती शिरा वळल्या. ज्याला कोणत्या टिकलीवर काय आहे ते माहीत आहे त्यानं मोजायचं नाही, हा नियम. का? तर माणसाला जे हवं असतं ते दिसायला लागतं. मॅडम म्हणल्या, "म्हणून मी नाही मोजणार. मी लेन्समध्ये डोकावणार पण नाही. तुम्ही मोजा." आमच्या लेन्सला तेव्हा कॅमेरा नव्हता. "मामांचे डोळे हाच कॅमेरा," म्हणल्या.

आणि खूण? ए-बी-सी मला वाचता येत होतं, ते त्यांना माहीत होतं. म्हणून मला कळू नये अशा लिपीत त्यांनी कवचावर पेन्सिलीनं खूण केली. कानडीत. काही अंड्यांवर "हौ", काहींवर "इ".

मी पहिलं अंडं हातात घेतलं आणि खूण वाचली. हौ म्हणजे हौदु — होय. इ म्हणजे इल्ला — नाही. ही अक्षरं मी पोरपणी निलंग्याच्या स्टँडवर कर्नाटकच्या गाड्यांच्या पाट्यांवरून शिकलो, हॅचरीच्या खोक्यांवर रोज वाचली. डोळ्यांना म्हणलं वाचू नका, तर ऐकतात का डोळे?

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. "मॅडम, मला येतं कानडी, खूण बदला." दोन मिनिटांचं काम. त्या हसल्या असत्या. पण मग त्यांना कळलं असतं की फोनवरचं मी सगळं ऐकलंय, आणि वर खोटं बोललोय. आणि ती खुर्ची — लेन्सपुढची खुर्ची — माझ्याकडं राहिली असती का? मला ती का मिळाली होती? मला काही माहीत नाही म्हणून. माझं अज्ञान हीच माझी लायकी होती, आणि ते माझ्याकडं नव्हतं.

मी मोजायला लागलो.

शिरा मोजणं सोपं नसतं. एखादी सरळ टिकलीकडं येते, एखादी आडवी जाते, आणि एखादी अशी असते की वळलीय का नाही तेच कळत नाही. पहिल्यांदा मी तेवढंच केलं. शंकेच्या शिरा हौ-वाल्या अंड्यांना दिल्या, इ-वाल्यांच्या काढून घेतल्या. हे खोटं झालं का? मी मनाला विचारलं, मन म्हणलं, अंदाज आहे. मग शंका नव्हती तिथं पण दिल्या. एक. दोन. मला उदगीर दिसत होतं. मला वाटत होतं, मी एका लेकीला तिच्या आईकडं पोचवून राहिलो. स्वतः घरापासून लांब राहणारा माणूस — त्याला हे किती गोड वाटलं असंल, तुम्हीच विचार करा.

मोजणीच्या पहिल्या खेपेचा आकडा असा आला की सर — मॅडमचे मार्गदर्शक — स्वतः उठून प्रयोगशाळेत आले. मॅडमनी मला पेढा दिला. मी तो खाल्ला. तो पेढा मी खाल्ला, हे पण लिहून ठेवतो.

पण मॅडम कशा होत्या ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दुसरा कुणी असता तर त्या आकड्यावर खूश होऊन पुढं गेला असता. त्या म्हणल्या, "इतकं चांगलं आलंय, म्हणून परत बघायला पाहिजे." दुसऱ्या खेपेला त्यांनी टिकल्या स्वतः ठेवल्याच नाहीत. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंना ठेवायला लावल्या. हौ म्हणजे काय आणि इ म्हणजे काय, तेही त्या बाईंनीच ठरवायचं, चिठ्ठी पाकिटात बंद. मॅडमना स्वतःवर पण भरवसा ठेवायचा नव्हता. एवढ्या मॅडम सरळ. भरवसा ठेवला तो एका माणसावर.

पाकिटाचं मला कुणी सांगितलं नाही. कशाला सांगतील?

त्या खेपेला लेन्सखाली जे दिसलं ते मी विसरलो नाही. इ-वाल्या अंड्यांत शिरा अशा धावल्या होत्या, सगळीकडून, टिकलीच्या दिशेनं, जत्रेच्या मैदानाकडं चहूबाजूंनी वाटा याव्यात तशा. बारीक, लालभडक, टोकाला फुटवे. इतकं सुंदर मी कधी बघितलं नव्हतं. आणि हौ-वाल्यांत सुस्ती. मला दिसत होतं. नीट ऐका — मला दिसत होतं. डोळे चांगले आहेत माझे. आणि मी मनात म्हणलो, ह्या खेपेची अंडी हट्टी निघाली, जास्त मदत करावी लागंल. हौ-वाल्यांना वाढवून लिहिलं. इ-वाल्यांचं ते सगळं वैभव खोडून, निम्मं करून लिहिलं. मग रिवाजाप्रमाणं अंडी थंड पेटीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी टाकून दिली. पुरावा पण मीच टाकला.

पाकीट उघडलं तर हौ म्हणजे मिठाचं पाणी होतं.

सगळं उलटं आलं. माझ्या कागदाप्रमाणं नुसत्या पाण्यानं शिरा बोलावल्या, आणि केमोकाइननं कुणालाच नाही.

सरांच्या केबिनबाहेर मी पाण्याचा कॅन घेऊन उभा होतो. आतून आवाज आला, "मोजलं कुणी? मामानं? अहो, आठवी शिकलेला माणूस तो!"

मॅडम म्हणल्या, "सर, मामांना काही माहीतच नव्हतं, म्हणून तर त्यांचं मोजणं पक्कं. कोणत्या अंड्याला जास्त द्यायचं, त्यांना काय पडलंय? चूक माझीच असणार. औषध खराब झालं असंल."

"मग दुसरी खेप सोडून द्या. पहिली चांगली आहे."

"झालीय ती खेप, सर. सोडून कशी देऊ?"

दार उघडंच होतं. दोन पावलं होती. मी कॅन उचलला आणि नळाकडं गेलो. कॅन भरलेला होता.

नंतर सगळं सावकाश घडलं, म्हणून जास्त वाईट. मॅडमनी दोन्ही खेपा वहीत शाईनं लिहिल्या. केमोकाइनची ती इवलीशी कुपी, बर्फातून येते ती, चांगली असून टाकून दिली. नवी यायला महिने गेले. त्या काळात त्यांनी स्वतःची एकेक गोष्ट तपासली — थंड पेटीचा काटा, मिठाचं पाणी, स्वतःच्या हाताची सवय. सगळं तपासलं. मला सोडून. उदगीरची मुलाखत त्या महिन्यांतच होऊन गेली. त्या दिवशी त्यांनी दुपारी डबा उघडला, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, निम्मी मला दिली, आणि म्हणल्या, "जाऊ द्या मामा, खरं काय ते तर कळंल."

तिसऱ्या खेपेला मी खरं मोजलं. शंकेची शीर आली की तीनदा बघितलं आणि जे दिसलं ते लिहिलं. खुणा कानडीतच होत्या. ह्या वेळी मी अक्षरावर अंगठा ठेवून मोजत होतो. आकडा आला. माझ्या पहिल्या खोट्याइतका मोठा नव्हता, पण होता, स्वच्छ होता. केमोकाइन बोलावत होतं. पहिल्यापासून बोलावत होतं. मी नुसतं दिसंल तसं लिहीत गेलो असतो तर पहिल्या खेपेतच आला असता, दुसरीतही आला असता, आणि मॅडम आज उदगीरला असत्या. खऱ्याला माझी गरज नव्हती.

प्रबंध झाला. पहिल्या पानांत आभार आहेत, इंग्रजीत. त्यात मी आहे, वडिलांच्या नावासकट पूर्ण नावानं. एका विद्यार्थिनीनं अर्थ सांगितला: ज्यांच्या निःपक्ष नजरेशिवाय हे काम झालं नसतं. ते पान मी गावी नेलं नाही. आईनं भिंतीला लावलं असतं.

मॅडमना नोकरी लागली ती पार पूर्वेकडं, रेल्वेनं दोन दिवस लागतात तिथं. आई उदगीरला एकटी आहे. तिथं त्या आता साखरेच्या जखमांवरच काम करतात, विद्यार्थ्यांना खिडकी पाडायला शिकवतात. दिवाळीला फोन येतो: "मामा, इथल्या पोरांना अंडं निवडता येत नाही, तुमची आठवण येते." अशी माणसं शंभरांत एक असतात. माझ्या वाट्याला आली.

जायच्या दिवशी मी त्यांना नांदेडच्या स्टँडवर सोडायला गेलो. आधी आईला भेटायला उदगीरची गाडी. बॅग वर ठेवली, खाली उतरलो. त्यांचे डोळे भरले होते, आणि भरल्या डोळ्यांनी माणूस घरच्या भाषेत बोलतो. खिडकीतून म्हणल्या, "होगि बर्तीनि, मामा."

जाऊन येते.

त्याला उत्तर असतं. माझी आई हद्दीवरच्या प्रत्येक पाहुण्याला देते. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी न कळल्यासारखा चेहरा केला, मान हलवली, आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिलो.

त्यांनी मला एकदाच विचारलं होतं — मामा, तुम्हाला कानडी येतं का?

हौदु.